बेटावरचा नेम

चप्पल वाजली आणि आतलं हसणं थांबलं. झालं ते एवढंच. भरदुपारी, चैत्रातल्या उन्हात, नगरच्या तोफखान्यातल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात कोण हसलं आणि कोण थांबलं याची कुणी पत्रास ठेवावी? पण रंगनाथ एक चप्पल काढून, दुसरी पायात तशीच ठेवून उंबऱ्याबाहेर उभा राहिला. या वेळी तो कधी घरी येत नसे. पाथर्डीच्या बाजाराची तपासणी ऐन वेळी रद्द झाली म्हणून आला होता. जिना चढतानाच त्याला ते हसणं ऐकू आलं होतं, आणि हे हसणं शेजारच्यांच्या घरातलं असणार असं तो धरून चालला होता. बायको पुष्पावती आणि अकरा वर्षांची शकू, मायलेकी दोघीच, पण हसत होत्या पोट धरून, मधेच श्वास घ्यायला थांबून पुन्हा. पुष्पावती अशी हसते हे त्याला ठाऊक नव्हतं. म्हणजे कधीकाळी ठाऊक होतं, मग विसरला. आणि चप्पल फरशीला लागली तसं सगळं गप्प. पोरीनं पुस्तक ओढल्याचा आवाज आला, बायकोनं उगाचच पातेलं इकडचं तिकडं केल्याचा आवाज आला. तो आत गेला तेव्हा दोघींनी एकदमच त्याच्या तोंडाकडे पाहिलं. आज कसं काय आहे, एवढंच त्या बघत होत्या. काय झालं हसायला, असं त्यानं विचारलं. काही नाही, म्हणाल्या. मग काहीतरी बोलायचं म्हणून तो म्हणाला, माठावरचं झाकण तिरकं आहे. आणि झाकण खरोखरच तिरकं होतं.

तीच तर पंचाईत होती. रंगनाथ खोटं कधीच बोलत नसे. मीठ कमी असेल तरच तो कमी म्हणे, शकूची वेणी वाकडी असेल तरच वाकडी म्हणे. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून लागला तेव्हापासून दुसऱ्याची खोट काढायची हेच त्याचं काम, आणि त्या कामात त्याचा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नव्हता. सोनईच्या बाजारात तो एस.टी.तून उतरायचा अवकाश, त्याच्या आधी बातमी पळायची. आडत्यांची हलकी वजनं पोत्याखाली जायची. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेला मेणाचा गोळा घाईघाईनं काढून तोंडात टाकणारा वाणी त्यानं डोळ्यांनी पाहिला होता. तो पुढे होई तसा एकेका दुकानातला गलबला बंद पडत जाई, आणि त्या शांततेतून चालताना त्याची छाती अशी भरून यायची की विचारू नका. हीच शांतता चपलांना चिकटून जिना चढून वर कधी आली? त्यानं आठवून पाहिलं. लग्न नवीन होतं तेव्हाची एक संध्याकाळ आठवली. पुष्पावती पुणतांब्याची. तिथल्या स्टेशनात एकदा एक शेळी पॅसेंजरच्या डब्यात कशी चढली, ही गोष्ट ती सांगत होती, हातवारे करत, स्वतःच हसत. गार्डानं शिट्टी फुंकली आणि शेळी खिडकीशी जाऊन बसली, इथपर्यंत आली होती. तेव्हा रंगनाथ म्हणाला, तू म्हणतेस त्या वेळेला पॅसेंजर नसते, मेल असते. ती म्हणाली, असंल. तो म्हणाला, असंल नाही, असेल. मग ती शेळी तशीच खिडकीशी राहिली. इतकी वर्षं झाली, तिचं पुढं काय झालं हे त्याला कुणी सांगितलं नाही आणि त्यानंही कधी विचारलं नाही. त्या दुपारी मात्र जेवताना त्यानं पाहिलं, समोर बसलेल्या दोघी खाली माना घालून, भांड्याचा आवाज होऊ न देता जेवत होत्या. त्याला ते हसणं पाहिजे होतं. आपण घरात असताना पाहिजे होतं. जन्मात पहिल्यांदाच त्याला एखादी गोष्ट इतकी पाहिजेशी वाटली, आणि ती बाजारात मिळण्यातली नव्हती.

बहात्तर सालचा धोंडा, म्हणजे अधिक महिना, वैशाखात आला. आदल्या दोन्ही धोंड्यांना सासुरवाडीचा सांगावा आला होता आणि दोन्ही वेळा त्यानं रजा नाही म्हणून टाळलं होतं. जावयानं काय चरायला जायचं महिनाभर, असं वर म्हणालाही होता. या खेपेला त्यानं स्वतःहून अर्जित रजा टाकली. पुष्पावतीला सांगितलं, आपण सगळी जाऊ, बेटावर राहू, शकूलाही सुट्टी आहे. ऐकून तिनं आधी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, थट्टा तर नाही ना, आणि मग बरं म्हणाली. आनंद झाला असेल तर तो तिनं फळीवरच्या डब्यांमागे कुठेतरी ठेवून दिला. सासरे कारभारी यांची वस्ती पुणतांब्याच्या खाली गोदावरीच्या पात्रातल्या एका बेटावर होती. पावसाळ्यात तीन महिने होडीशिवाय वाट नसलेली काळी जमीन, मधे महादेवाचं देऊळ, कडेनं वाळूत उन्हाळ्याची टरबुजं. तिथली लोकं गोदावरीला गंगा म्हणत आणि बेटाचा असा काही तोरा मिरवत की जणू समुद्रातच राहतात. पण त्या वर्षी आदला पाऊस नीट झाला नव्हता. स्टेशनवरून बैलगाडीनं काठाला आले तर गंगा कुठे होती? डोहात थोडं पाणी, बाकी सगळी वाळू. बैल पाण्यात खूर न भिजवता पलीकडे गेले. बेट ते बेट, नुसतं नावाला. रंगनाथच्या अगदी ओठावर आलं होतं, चहूकडे पाणी असेल तर त्याला बेट म्हणतात. पुष्पावती गाडीच्या पुढच्या बाजूला बसून, पदर खांद्यावर पडलेला, लेकीला हातानं दाखवत होती, ती बग आपली वस्ती. त्यानं ओठ मिटले. नेम अजून घ्यायचा होता, पण सुरुवात त्यानं तिथंच केली.

नेमाची रीत त्या घरात अशी होती. धोंड्याच्या पहिल्या दिवशी घरातल्या प्रत्येकानं देवळात जाऊन, ओंजळीत गंगेचं पाणी घेऊन, महिन्यापुरती एक सवय सोडायची. काय सोडलं ते मनात बोलायचं, तोंडानं नाही. शेवटच्या दिवशी जे सोडलं त्याचं दान करायचं. चहा सोडला असेल तर चहा-गूळ, अनवाणी चालला असेल तर वहाणांचा जोड, मुक्यानं राहिला असेल तर घंटा. दान झालं की नेम सुटला, सवय परत धरायला मोकळे. आणि दान नाही केलं तर? नव्या सुनेला समजावावं तसं सासूबाई राहीबाईंनी त्याला समजावलं होतं, मग नेम सुटत न्हाई बापू, जल्मभर चालू ऱ्हातो, म्हनून आवाक्यातलं सोडावं मान्सानं. देवळात सहादेव गुरवानं पळीनं पाणी घातलं. रंगनाथनं डोळे मिटून मनात म्हटलं, खोट काढायची सोडली. पाणी सोडून डोळे उघडले तर शेजारी पुष्पावती अजून ओंजळ धरून होती. पाणी बोटांतून ठिबकून संपलं तरी तिचे हात तसेच होते. काय सोडत असेल एवढं, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला बरं वाटलं. दोघंही मिळून काहीतरी करतो आहोत असं वाटलं.

तो महिना! बिडी सोडणारे, दारू सोडणारे कसे तळमळतात ते त्यानं ऐकलं होतं, पण खोट काढायची सोडून बघावी. जिकडे बघेल तिकडे जग वाकडं होतं. कंदिलाची काच काळी. खाटेचा एक पाय आखूड, खाली वीट सरकवलेली, ती वीटही फुटकी. मेव्हणा मच्छिंद्र टरबुजं विकायला काठावर बसायचा आणि त्याचा तराजू एका अंगाला इतका झुकलेला की आंधळ्यालाही दिसावा. रंगनाथ तिथून जाताना चक्क नदीकडे तोंड करून जायचा. शब्द जिभेच्या शेंड्यावर येत, तो ते गिळी, आणि ते पोटात जाऊन जड होत. दुपारी लिंबाखाली पडल्या पडल्या त्याला वाटायचं, आपण आहोत कोण? खोट काढणारा तो रंगनाथ, तर खोट न काढणारा हा कोण पडला आहे इथं? कारण बोलायला दुसरं काही सुचतच नव्हतं. सासरे शेजारी येऊन बसत, पाण्याचं, पिकाचं काढत, आणि तो नुसता हं हं करी. चुकीचं दाखवायचं नाही म्हटल्यावर माणसं एकमेकांशी बोलतात तरी काय, हे त्याला आता नव्यानं शिकायचं होतं आणि शिकवणारं कुणी नव्हतं. बाप आठवायचा. त्याचा बाप असाच होता. जेवायला बसला की पहिला घास तोंडात घालून थांबायचा, आणि आई दाराआड उभी राहून त्याच्या जबड्याकडे बघायची. लहानपणी रंगनाथला त्या थांबण्याची दहशत वाटे, आणि मोठं होऊन आपणही असंच थांबावं असंही वाटे. दोन्ही एकाच वेळी.

धोंड्याचं वाण द्यायच्या दिवशी तांब्याच्या ताटात तेहेतीस अनारसे रचून, वर दिवा लावून, सासूनं ताट जावयापुढे ठेवायचं असतं. ताट ठेवायच्या जरा आधी पुष्पावतीनं सगळ्यांदेखत वरचा एक अनारसा उचलला आणि शकूच्या हातात दिला. खा, म्हणाली. रंगनाथ दोन हातांवर बसला होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. नगरच्या घरात पोरीला साधी साखर देतानाही ती आधी त्याच्या तोंडाकडे बघायची, हो-नाही ते तिथं वाचायची, आणि इथं देवाच्या वाणातला अनारसा उचलताना मानसुद्धा वळली नाही. बत्तीस, त्याच्या मनानं मोजलं. राहीबाईंनी तेहेतिसांचं वाण म्हणून ताट पुढे केलं आणि त्यानं ते डोक्याला लावून घेतलं. तोंडातून ब्र काढला नाही. आणि त्या क्षणी त्याला लख्ख कळलं, की नेम फळाला आला. ती भ्यायची बंद झाली. आपण गप्प बसलो म्हणून ती मोकळी झाली. मग त्याला जागोजाग खुणा दिसू लागल्या. तो डोहाकडे जाऊन उशिरा परतला तर ती जेवून मोकळी झालेली, त्याचं ताट झाकून ठेवलेलं. पूर्वी कितीही वाजले तरी ती थांबायची. दुसरा नवरा चिडला असता, हा खूश झाला. ती माहेरच्या बोलीत भरभर बोलायची, न्हाई न् व्हय, आणि त्याच्या समोरही जीभ अडखळत नव्हती. एका संध्याकाळी वाळूत टरबुजांच्या ढिगापलीकडे ती शकूला शेळीची गोष्ट सांगत होती. तीच शेळी, तेच स्टेशन. रंगनाथ ढिगाच्या अलीकडेच थांबला. आपण गेलो तर गोष्ट मोडेल, म्हणून मुद्दामच पुढे गेला नाही. वाऱ्यानं शब्द नीट येत नव्हते. शिट्टीपर्यंत कळलं, खिडकीपर्यंत कळलं, आणि मग दोघी हसल्या ते हसणं तेवढं आलं. त्याला रडूच फुटलं. मोठा माणूस, सरकारी नोकर, टरबुजांच्या आडोशाला बसून डोळे पुसत होता. शेळीचं आता तिलाच विचारू, त्यानं ठरवलं, नगरला गेल्यावर, दुपारचं, सावकाश.

शेवटच्या दिवशी अमावास्येला सगळी देवळात जमली. राहीबाईंनी चहा-गूळ दिला. कारभाऱ्यांनी तंबाखूचा पुडा गुरवापुढे ठेवला आणि तिथंच त्यातली चिमूट मागितली, तसं हशा झाला. मच्छिंद्रनं वहाणा दिल्या आणि तापल्या वाळूनं सोलवटलेले तळवे सगळ्यांना दाखवले. रंगनाथनं पिशवीतून पितळी अच्छेर काढलं. नोकरी लागली तेव्हा बापानं हौसेनं दिलेलं जुनं वजन, नवी मापं आल्यावर कायद्यानं बाद झालेलं, पण तो ते कायम जवळ ठेवायचा. सहादेव गुरव वजनाकडे बघतच राहिला. जावईबापू, नोकरी सोडली का काय, असं सासऱ्यांनी विचारलं आणि पुन्हा हशा. रंगनाथ उभा राहिला. लोकांची खोट काढायचं सोडलं होतं, तो म्हणाला, महिनाभर कुणाला काही म्हटलं नाही. मंडळी गप्प झाली, पण गप्प झाली ती ओशाळून, कौतुकानं नाही. शेवटी कारभारी म्हणाले, "आमाला वाटलं पाव्हनं करमंना म्हनून घुमे झालेत." त्यानं पुष्पावतीकडे पाहिलं. ती शकूच्या वेणीची रिबीन बांधत होती. राहीबाईंनी तिला विचारलं, तुझं गं काय? ती रिबिनीची गाठ आवळत म्हणाली, "मला न्हाई सोडवायचा आई. चालू ऱ्हाऊ दे."

परत निघाले तेव्हा गाडी पुढे गेली होती, शकू तिच्या मामाबरोबर गाडीत, आणि ही दोघं मागून वाळूतून चालत होती. तिनं काय सोडलं असेल याचे त्यानं महिनाभर शंभर अंदाज बांधले होते. रुसवा, धाक, माहेरची ओढ. शेवटी विचारलं.

"तुमच्या तोंडाकडं बगायचं," ती म्हणाली.

त्याला कळलं नाही. ती चालता चालता सांगू लागली, रागानं नव्हे, लुगड्याचा भाव सांगावा तशी. "भाजी चुलीवरून उतरवताना, पोरीला हाक मारताना, हसताना बी. आदी तुमच्या तोंडाकडं बगायचं न् मग काय ते करायचं. सवयच लागली हुती. ती सोडली."

"अगं पण मी बोलतच नव्हतो. महिनाभर एक शब्द बोललो नाही. तुझ्यासाठीच."

पुष्पावती थांबली. आठवू लागली. त्याला बरं वाटावं म्हणून नव्हे, खरोखरच आठवत होती. कपाळाला आठी घालून, महिन्यातला एकेक दिवस उलटापालटा करून बघत होती. "व्हय का," ती म्हणाली. "ध्येनातच न्हाई आलं बगा. माजं लक्षच न्हवतं."

तिच्या बोलण्यात कुत्सितपणा असता तर तो तगला असता. कुत्सितपणाला उत्तर असतं. आता तरी सोडव, तो म्हणाला, देवळात परत जाऊ, दान काय लागेल ते आणू. कशाला, ती म्हणाली, बरं वाटतंय. आणि गाडी गाठायला भराभर पुढे गेली. वाळूत तिच्या पावलांची रांग सरळ होती, कुठे थांबलेली, मागं वळलेली नव्हती. रंगनाथ डोहाच्या कडेला क्षणभर उभा राहिला. त्याचा नेम सुटला होता. तो पुन्हा काहीही म्हणायला मोकळा होता, आणि म्हणावंसं काही राहिलं नव्हतं.

नगरला आल्यावर त्यानं म्हणून पाहिलं. पहिल्याच दिवशी आमटीत मीठ कमी आहे म्हणाला. पुष्पावतीनं मिठाचं वाडगं त्याच्याकडे सरकवलं आणि शकूशी चाललेलं बोलणं पुढे चालू ठेवलं. दुसऱ्या दिवशी तो जरा मोठ्यानं म्हणाला. वाडगं तेवढ्याच वेगानं आलं. तिच्याकडून कुठे कमीजास्त होत नव्हतं. सदरा धुतलेला, ताट वाढलेलं, चहा वेळेवर. एखाद्या लॉजात उतरावं तशी त्याची व्यवस्था होती. रात्री तो डोळे मिटून विचार करी, ही भांडत का नाही? माहेरी निघून का जात नाही? पण जायचं कशाला, ती गेलीच होती. पाथर्डीच्या बाजारात गेला तर तिथली शांतता होती तशीच होती. तो येताच वजनं लपली, माणसं त्याच्या तोंडाकडे बघू लागली, आणि त्याला इतकं हायसं वाटलं की त्याची त्यालाच शरम वाटली.

मग एके दुपारी तो मुद्दाम लवकर घरी आला. जिना चढतानाच वर हसणं ऐकू आलं, तेच, पोट धरून, श्वास घ्यायला थांबून पुन्हा. उंबऱ्याशी त्यानं एक चप्पल काढली आणि फरशीवर आपटली. हसणं थांबलं नाही. दुसरी आपटली. आत काही फरक पडला नाही. हेच पाहिजे होतं ना, त्यानं स्वतःला विचारलं. आपण घरात असताना हसावं हेच ना? तो आत गेला. मायलेकी शेंगा सोलत बसल्या होत्या, शकू हसून हसून आडवी झाली होती, आणि मधेच म्हणत होती, खिडकीतनं, आई, खिडकीतनं!

त्यानं टोपी काढून हातात धरली. "शेळीचं पुढं काय झालं गं?" त्यानं विचारलं. इतक्या वर्षांनी विचारलं, आणि आवाज असा निघाला की जणू हातात वाटी घेऊन शेजाऱ्याच्या दारात आला आहे.

"ते मगाशीच सांगून झालं की," पुष्पावती म्हणाली. शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. वर पाहिलं नाही.

तो माठापाशी गेला. झाकण तिरकं होतं. त्यानं ते सरळ केलं, पाणी प्यायला, पेला पालथा घातला. मग झाकण पुन्हा उचलून होतं तसं तिरकं ठेवलं, आणि वळून आधी एकीच्या, मग दुसरीच्या तोंडाकडे पाहत उभा राहिला.